पेट्रोलचं ओझं: एफ-वनची शर्यत किलोंमध्ये कशी वाचायची

५ मे १९८५, इटलीतलं इमोला. साठ लॅपची, म्हणजे साठ फेऱ्यांची शर्यत. आयर्टन सेना आघाडीवर होता आणि मोजकेच लॅप उरले असताना त्याच्या लोटसची टाकी कोरडी पडली. मागून फेरारीचा स्टीफन योहानसन पुढे सरकला. लाल गाडी आघाडीवर आलेली बघून इमोलाच्या प्रेक्षकांचा आनंद गगनात मावेना, पण तो आनंद लॅपभरही टिकला नाही. त्याचंही पेट्रोल संपलं. शेवटी रेषा पहिल्यांदा ओलांडली ती मॅक्लारेनच्या आलाँ प्रॉस्टने. शर्यतीनंतर त्याची गाडी काट्यावर चढवली, तर ५४० किलोंच्या किमान मर्यादेपेक्षा ती २ किलो कमी भरली. प्रॉस्ट बाद झाला आणि विजेता ठरला एलिओ दे अँजेलिस.

त्या एका दुपारी तिघांनी जिंकत आलेली शर्यत घालवली. वेगात त्यांच्यातलं कुणीच कमी नव्हतं. दोघांना पेट्रोल कमी पडलं, एकाला वजन.

नव्याने एफ-वन बघायला लागलेल्या कुणालाही मी आधी ही गोष्ट सांगतो. पडद्यावर जी लॅपची वेळ झळकते, ती त्या क्षणी गाडीच्या पोटात किती पेट्रोल आहे ते धरून आलेली असते. ते पेट्रोल मनातल्या मनात उतरवता आलं नाही, तर वेळ बघून आपण चुकीच्या माणसाला वेगवान म्हणतो. मी स्वतः पहिली काही वर्षं तेच केलं. मग शर्यतीच्या वेळी शेजारी वही ठेवायची सवय लागली आणि तीच शर्यत निराळी दिसायला लागली. ती सवय कशी लावायची, ते इथे पायरी-पायरीने सांगतो. गणित सातवीच्या पुढचं नाही.

पायरी १: तीन आकडे लक्षात ठेवा

पहिला आकडा गाडीच्या किमान वजनाचा. २०२५ च्या हंगामात तो ८०० किलो होता. यात चालक धरलेला असतो, पेट्रोल नाही. गाडी यापेक्षा जड असली तर नियमाची हरकत नाही, हलकी मात्र चालत नाही. २००९ मध्ये हाच आकडा ६०५ किलो होता. मधल्या वर्षांत हायब्रिड यंत्रणा आली, बॅटरी आली, चालकाच्या डोक्यावरची हेलो नावाची कमान आली, टायर मोठे झाले आणि गाडी फुगत गेली. २०२६ च्या नव्या नियमांनी हा आकडा ७६८ वर आणला. जुन्या चालकांना विचाराल तर हे उतरवलेले किलो फार आधीच उतरवायला हवे होते असं म्हणतील, आणि माझंही मत तेच आहे.

दुसरा आकडा पेट्रोलचा. २०१४ मध्ये नवी हायब्रिड इंजिनं आली तेव्हा पूर्ण शर्यतीसाठी १०० किलोंची मर्यादा होती. २०१७ ला ती १०५ झाली, २०१९ ला ११०, आणि २०२५ पर्यंत तीच राहिली. हे सगळं किलोंमध्ये मोजतात, लिटरमध्ये नाही. पेट्रोल थंड केलं की आकसतं, म्हणजे तेवढ्याच टाकीत जास्त मावतं. लिटरच्या हिशेबात अशी पळवाट निघते, किलोच्या हिशेबात निघत नाही. पेट्रोल बाहेरच्या हवेपेक्षा किती थंड ठेवता येईल, यालासुद्धा नियमात मर्यादा आहे. ११० किलो म्हणजे साधारण १४५ ते १५० लिटर. ओझ्याचा अंदाज हवा असेल तर सिमेंटची दोन पोती आणि वर दहा किलो. एवढं ओझं चालकाच्या पाठीमागे, गाडीच्या मध्यावर, एका मजबूत लवचीक पिशवीत असतं. मध्यावर अशासाठी, की पेट्रोल जळत गेलं तरी गाडीचा तोल पुढे किंवा मागे झुकू नये.

तिसरा आकडा सगळ्यात कामाचा: दर १० किलोंना लॅपमागे साधारण ०.३ सेकंद. हा अंदाज आहे, नियम नाही. बेल्जियमच्या स्पासारख्या सात किलोमीटरच्या लॅपवर फटका जास्त बसतो, छोट्या सर्किटवर कमी. पण हिशेब सुरू करायला ०.३ पुरेसं आहे.

वजनाने वेळ का जातो हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. पाच माणसं आणि लग्नाचं सामान भरून खंबाटकी घाट चढलेल्या कुणालाही ते ठाऊक आहे. गाडी वेग घ्यायला उशीर लावते, थांबायला उशीर लावते, वळणावर बाहेर फेकली जाते. शर्यतीच्या गाडीत या तिन्हींचा मार टायरवर पडतो. पेट्रोलचं वजन एकदा लॅपच्या वेळेत मोजायचं, आणि टायर लवकर झिजले म्हणून दुसऱ्यांदा.

पायरी २: एका लॅपला किती पेट्रोल, ते काढा

एफ-वनची शर्यत ३०५ किलोमीटर ओलांडेल इतक्या लॅपची असते. अपवाद एकच, मोनॅको, तिथे २६० किलोमीटर. म्हणून स्पाला ४४ लॅप, मोंझाला ५३, हंगेरीच्या हंगरोरिंगला ७० आणि मोनॅकोला ७८.

सुरुवातीचं पेट्रोल भागिले लॅप. हंगरोरिंगला एखादी गाडी १०५ किलो घेऊन निघाली असं धरा: १०५ भागिले ७०, म्हणजे लॅपमागे दीड किलो. दीड किलोचे ०.०४५ सेकंद. म्हणजे चालकाने काहीच वेगळं केलं नाही, टायरही झिजले नाहीत, तरी गाडी दर लॅपला सेकंदाच्या साधारण विसाव्या भागाने आपोआप वेगवान होत जाते. सत्तर लॅपमध्ये मिळून तीन सेकंदांहून जास्त. शर्यतीतली सर्वांत जलद लॅप बहुतेक वेळा अखेरीस का लागते, त्यामागचं मोठं कारण हेच.

संघ किती पेट्रोल भरतात ते जाहीर करत नाहीत. २०२५ पर्यंतच्या शर्यतींसाठी घरबसल्या आपण १०० ते ११० च्या मधला आकडा धरायचा. आपल्या हिशेबाला पाच किलोंची चूक चालते, कारण ती सगळ्याच गाड्यांना सारखी लागू होते.

पायरी ३: वेळेतून पेट्रोल वजा करा

या पायरीवर घाई करू नका. बाकी सगळं हिच्यावर उभं आहे.

आधी हे ठरवा की तुलना कशाशी करताय. एकाच लॅपवरच्या दोन गाड्यांची तुलना करायची असेल तर वजाबाकीची गरज नाही. दोघींच्या पोटात जवळजवळ सारखंच पेट्रोल आहे. वजाबाकी लागते ती वेगवेगळ्या लॅपच्या वेळा शेजारी मांडताना, आणि आपण तर सतत तेच करत असतो. समालोचक म्हणतो, "बघा, आता हा सुरुवातीपेक्षा सेकंदाने वेगवान जातोय," आणि आपण मान डोलावतो.

हंगरोरिंगचंच उदाहरण घेऊ. वेळा मी मनाने धरतोय. दहाव्या लॅपला एका चालकाची वेळ १ मिनिट २३.५ सेकंद. पन्नासाव्या लॅपला १ मिनिट २२.५. वरवर बघता सेकंदभर सुधारणा. आता पेट्रोल बघा. दहा लॅप संपले तेव्हा टाकीत ९० किलो उरले होते, पन्नास संपले तेव्हा ३०. फरक ६० किलो, म्हणजे १.८ सेकंद. नुसत्या हलकेपणाने तो १.८ सेकंद वेगवान व्हायला हवा होता, झाला फक्त १. मग ०.८ सेकंद गेले कुठे? टायर झिजलेत, किंवा आधीपेक्षा टणक जातीचे टायर लावलेत, किंवा तो जाणूनबुजून जपून चालवतोय. तिन्हींपैकी कोणतं, ते रेडिओवरून (चालक आणि त्याचा इंजिनिअर यांच्या बोलण्यावरून) आणि पिटच्या, म्हणजे टायर बदलायला थांबण्याच्या जागेच्या, वेळांवरून उलगडतं. पण प्रश्न पडला तो वजाबाकीमुळे.

वहीत मी चारच रकाने पाडतो: लॅप, वेळ, उरलेले किलो, आणि पेट्रोल काढून आलेली वेळ. चौथ्या रकान्यासाठी उरलेल्या किलोंना ०.०३ ने गुणायचं आणि वेळेतून वजा करायचं. प्रत्येक लॅप लिहायची गरज नाही. पाच-पाच लॅपनी एक नोंद पुरते. सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी) बाहेर असतानाच्या, पिटमध्ये जातानाच्या आणि पिटमधून निघतानाच्या लॅप सोडून द्या. दुसऱ्या गाडीच्या मागे अडकलेल्या लॅपवर खूण करा, कारण त्या वेळा पुढच्या गाडीच्या असतात.

युरोपातल्या बहुतेक शर्यती आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात. पहिल्या दोन-तीन रविवारी हे लिहिताना शर्यत हातची निसटतेय असं वाटेल. चौथ्या रविवारी वहीशिवाय बघवणार नाही.

पायरी ४: टायर आणि पेट्रोल यांची रस्सीखेच बघा

आता दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध ओढताहेत. पेट्रोल जळतं म्हणून गाडी दर लॅपला साधारण ०.०५ सेकंदाने वेगवान होते. टायर झिजतो म्हणून ती हळू होते. एखाद्या चालकाच्या वेळा वीस लॅप जशाच्या तशा राहिल्या, तर टायर झिजत नाहीत असं समजू नका. ते लॅपमागे बरोबर ०.०५ सेकंदानेच झिजताहेत आणि पेट्रोल ते झाकतंय. वेळा हळूहळू कमी होत असतील तर टायर धडधाकट आहेत. वेळा वाढायला लागल्या की पिटमधली माणसं खुर्चीत सावरून बसतात.

आजच्या शर्यतीत पिटमध्ये पेट्रोल भरत नाहीत, फक्त टायर बदलतात, आणि तेही दोन-अडीच सेकंदांत. २०२३ मध्ये कतारला मॅक्लारेनने १.८० सेकंदांत चारही टायर बदलून विक्रम केला. पिटमार्गावर वेगमर्यादा असल्यामुळे एकूण नुकसान मात्र वीस-पंचवीस सेकंदांचं होतं. दोन गाड्या पाठोपाठ असतील तर दोघींचं पेट्रोल सारखं. त्यामुळे जी आधी पिटला जाते, तिला नवे टायर आधी मिळतात आणि ती एका-दोन लॅपमध्ये सेकंद-दीड सेकंद कमावते. यालाच अंडरकट म्हणतात. मागच्या गाडीने आधी पिटला जाऊन पुढचीला गाठायचं, हे आजचं सगळ्यात नेहमीचं हत्यार.

पायरी ५: १९९४ ते २००९ च्या शर्यती बघताना हिशेब उलटा करा

यूट्यूबवर जुन्या शर्यती बघणारे नवखे इथे हमखास गोंधळतात. त्या काळात पिटमध्ये पेट्रोल भरता येत असे. १९८४ पासून त्यावर बंदी होती, १९९४ ला ती उठली आणि २०१० पासून पुन्हा आली. मधल्या सोळा हंगामांत पेट्रोल हेच रणनीतीचं मुख्य शस्त्र होतं, आणि मला तो काळ अजूनही सगळ्यात गोड वाटतो. धोके खरे होते. १९९४ ला हॉकेनहाइममध्ये योस फर्स्टापनच्या गाडीवर पेट्रोल सांडून भडका उडाला. २००८ ला सिंगापूरला फेलिपे मासा पेट्रोलची नळी गाडीला लटकत असतानाच निघाला. बंदी आली ती योग्यच होती, पण डोक्याला खाद्य देणारा एक खेळ तिच्याबरोबर गेला.

तो खेळ असा. शर्यतीला एकूण १५० किलो लागतात आणि शर्यत ६० लॅपची आहे असं धरा. एकदाच थांबायचं ठरवलं तर ७५ किलो घेऊन निघायचं आणि मध्यावर पुन्हा ७५ भरायचे. सरासरी ओझं ३७.५ किलो. दोनदा थांबायचं तर प्रत्येक वेळी ५० किलो, सरासरी ओझं २५. फरक १२.५ किलोंचा, म्हणजे लॅपमागे ०.३७५ सेकंद, आणि ६० लॅपचे मिळून साडेबावीस सेकंद. पेट्रोल एकूण तेवढंच भरायचं आहे, त्यामुळे जास्तीच्या थांब्याची किंमत मुख्यतः पिटमार्गातून जाण्याची, म्हणजे पंधरा ते वीस सेकंद. बघा किती अटीतटीचा हिशेब आहे. दोनावरून तीनवर गेलात तर सरासरी ओझं आणखी सहा-सव्वासहा किलोंनीच घटतं आणि फायदा अकरा-बारा सेकंदांवर येतो. तीन थांबे परवडायचे असतील तर टायर लवकर झिजणारे हवेत, किंवा पुढे मोकळा रस्ता हवा, किंवा मायकल शूमाकर हवा.

१९९८ ची हंगेरियन ग्रां प्री याचा वस्तुपाठ आहे. हंगरोरिंगवर पुढच्या गाडीला मागे टाकणं अवघड, आणि दोन्ही मॅक्लारेन शूमाकरच्या पुढे. फेरारीच्या रॉस ब्रॉनने बेत बदलला आणि दोनऐवजी तीन थांबे ठरवले. थोडंच पेट्रोल भरायचं, हलकी गाडी घेऊन मोकळ्या रस्त्यावर सुटायचं. अट एकच होती: १९ लॅपमध्ये २५ सेकंद कमवायचे. प्रत्येक लॅप क्वालिफाइंगसारखी, म्हणजे शर्यतीतली सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या फेरीसारखी मारायची. त्याने ते केलं आणि शर्यत जिंकली. २००४ ला फ्रान्सच्या मान्यी-कूरला फेरारीने चक्क चार थांबे घेऊन फर्नांडो अलोन्सोला हरवलं. त्या शर्यती पुन्हा बघताना शूमाकरच्या हातांइतकंच भरणाऱ्या नळीकडे लक्ष द्या. सेकंदाला साधारण १२ लिटरने पेट्रोल जायचं. थांबा किती सेकंदांचा झाला त्यावरून पुढचा टप्पा किती लॅपचा, हे प्रतिस्पर्धी संघ घड्याळ लावून काढत असत.

आणि अंडरकट? तेव्हा तो चालत नसे, उलट व्हायचं. पुढची गाडी अठराव्या लॅपला पिटमध्ये गेली आणि ६० किलो पोटात घेऊन बाहेर पडली. मागची गाडी विसाव्यापर्यंत थांबली. तिच्या टाकीत जवळजवळ काहीच नाही. त्या दोन लॅपमध्ये दोघींच्या वजनात ६० किलोंचा फरक, म्हणजे लॅपमागे १.८ सेकंद. शिवाय दोन लॅप जास्त चालल्यामुळे तिला पेट्रोलही पाच किलो कमी भरायचं, म्हणजे नळीशी अर्धा सेकंद वाचला. जो उशिरा थांबतो तो पुढे निघतो. आज जो आधी थांबतो तो. एकाच खेळातली ही उलटापालट फक्त पेट्रोलच्या नियमामुळे झाली.

२००३ पासून काही वर्षं क्वालिफाइंगही शर्यतीचंच पेट्रोल घेऊन करावं लागे. २००९ ला तर शनिवारी संध्याकाळी सगळ्या गाड्यांची वजनं अधिकृतपणे जाहीर व्हायची, आणि वहीवाल्यांसाठी तो सण असायचा. त्यातून ६०५ वजा केले की पेट्रोल हातात. समजा पोलवरची, म्हणजे सगळ्यात पुढून निघणारी गाडी ६५५ किलोंची आणि ०.१ सेकंदाने मागे असलेली दुसरी ६६५ ची. दुसरी दहा किलो जड, म्हणजे खऱ्या वेगात ती ०.२ सेकंदाने पुढे; आणि लॅपमागे अडीच किलो धरले तर ती चार लॅप उशिरा थांबणार. रविवारी कुणावर लक्ष ठेवायचं ते शनिवारीच कळायचं.

त्याच वर्षी स्पाला फोर्स इंडिया या आपल्या भारतीय संघाने पोल मिळवली. चालक जियांकार्लो फिसिकेला. टाकी रिकामी ठेवून हवा केली असेल, असं अनेकांना वाटलं. वजनं बाहेर आली तेव्हा दिसलं की तसं काही नव्हतं. रविवारी तो किमी रायकोनेनच्या मागे एका सेकंदाच्या आत दुसरा आला. तो कागद नसता तर त्या पोलवर संशय कायमचा राहिला असता.

पायरी ६: शुक्रवारच्या वेळांवर विश्वास टाकू नका

आज क्वालिफाइंगला सगळे जेमतेम दोन-चार लॅपचं पेट्रोल घालतात, म्हणून शनिवारच्या वेळा एकमेकांशी थेट ताडता येतात. शुक्रवारच्या सरावात मात्र कोण किती पेट्रोल घेऊन फिरतंय ते कुणी सांगत नाही. एका संघाने वीस किलो जास्त घातले की ०.६ सेकंद तिथेच लपले. म्हणून शुक्रवारी सर्वोत्तम वेळ सोडून द्या आणि दहा-बारा सलग लॅपचे टप्पे बघा. वेळा एकमेकांच्या किती जवळ राहतात आणि कशा वाढत जातात, यातून टायरची तब्येत कळते. ती पेट्रोलमुळे फार लपत नाही.

पायरी ७: रेडिओवर पेट्रोल ऐका

नवख्यांना वाटतं, २०२५ पर्यंत ११० किलोंची परवानगी होती तर सगळे ११० भरत असतील. तसं नाही. संघ अनेकदा मुद्दाम कमी भरतात.

पाच किलो जास्त घेऊन निघालात आणि ते शर्यतभर हळूहळू जाळलेत, तर सरासरी अडीच किलो ओझं ५७ लॅप वाहिलंत. सव्वाचार सेकंद गेले. तेच पाच किलो न घेता निघालात तर ते वाचवावे लागतील. ते वाचवायची रीत म्हणजे लिफ्ट अँड कोस्ट: वळण यायच्या पन्नास-शंभर मीटर आधीच पाय उचलायचा, गाडी तशीच वाहू द्यायची, मग ब्रेक लावायचा. सरळ रस्त्याच्या टोकाला पेट्रोल सर्वात जास्त जळतं आणि तिथे पाय उचलल्याने वेळ कमी जातो. शिवाय ब्रेक आणि टायर थंड राहतात. त्यातून मध्येच सेफ्टी कार आली तर काही लॅप रांगत जातात, पेट्रोल आपोआप वाचतं, आणि कमी भरणाऱ्याचा जुगार फळतो. नाहीच आली तर शेवटच्या वीस लॅपमध्ये इंजिनिअर सारखा कानाशी लागतो. एखादा चालक उगाच मागे पडतोय असं वाटलं तर आधी त्याचा रेडिओ ऐका. बरेचदा तो चुकत नसतो, मोजत असतो.

पेट्रोल किती वेगाने जाळायचं यालाही २०१४ पासून २०२५ पर्यंत ताशी १०० किलोंची मर्यादा होती. २०१४ च्या पहिल्याच शर्यतीत, मेलबर्नला, डॅनियल रिकार्डो दुसरा आला आणि याच मर्यादेच्या भंगापायी निकालातून बाद झाला. २०२६ पासून ही मर्यादा किलोंऐवजी ऊर्जेत मोजतात.

पेट्रोल वाचवण्याची कला शिगेला पोचलेली बघायची असेल तर अमेरिकेच्या इंडीकारकडे वळा. तिथे अजून पिटमध्ये इंधन भरतात. २०१६ ला इंडियानापोलिस ५०० च्या शंभराव्या शर्यतीत नवखा अलेक्झांडर रॉसी शेवटचे ३६ लॅप एकाच टाकीवर काढत आला. बाकीच्यांना पुन्हा भरायला आत जावं लागलं. हा शेवटच्या लॅपला जवळजवळ घरंगळत रेषेवर पोचला आणि जिंकला.

विजेच्या गाड्यांचं याहून वेगळं आहे. मुंबईचा जेहान दारूवाला २०२३ पर्यंत एफ-वनच्या एक पायरी खालच्या फॉर्म्युला टू मध्ये होता आणि मग फॉर्म्युला ई मध्ये गेला. फॉर्म्युला टू मध्ये पेट्रोल पहिल्या लॅपलाच सगळं भरलेलं असतं आणि गाडी हलकी होत जाते. फॉर्म्युला ई ची बॅटरी संपत आली तरी तिचं वजन तेवढंच राहतं. तिथे वहीतला तिसरा रकाना खोडून टाका.

पायरी ८: चालकाच्या पोटाकडेही बघा

किमान वजनात चालक धरलेला असल्यामुळे बरीच वर्षं एक वाईट प्रकार चालला. बारीक चालक असला की संघाला उरलेले किलो टंगस्टनच्या वजनांच्या रूपात गाडीच्या तळाशी, हव्या त्या जागी ठेवता यायचे. तळाशी वजन म्हणजे वळणावर पकड. उंच, भरल्या अंगाच्या चालकाला हा फायदा नाही. मग उंच पोरं उपाशी राहायला लागली. जेवण तोडून शर्यतीत बसायचं, आणि उकाड्याच्या शर्यतीत घामावाटे आणखी दोन-तीन किलो गमवायचे. २०१९ ला नियम आला की चालक आणि त्याची सीट मिळून किमान ८० किलो धरायचे. कमी भरले तर जास्तीचं वजन त्याच्याच जागेत ठेवायचं. २०२५ ला ते ८२ झालं. या खेळातला मला सर्वात आवडणारा नियम हाच आहे.

बाकी वजनाची कंजुषी चालूच असते. २०२२ ला गाड्या एकदम जड झाल्या तेव्हा संघांनी रंग खरवडून काढला. गाड्यांवर काळे पट्टे दिसतात ते डिझाइन म्हणून नव्हे. तो उघडा कार्बन आहे, रंगाचं वजन वाचवलेला.

पायरी ९: झेंडा पडल्यावर उठू नका

शर्यत संपली की गाडी काट्यावर जाते आणि टाकीतून एक लिटर पेट्रोलचा नमुना काढता यावा लागतो. २०२१ ला हंगेरीत सेबास्टियन फेटल दुसरा आला. त्याच्या गाडीतून ०.३ लिटरच निघालं. दुसरा क्रमांक गेला.

२०२४ ची स्पाची शर्यत बघितली असेल तर जॉर्ज रसेल आठवत असेल. बाकीचे बहुतेक दोनदा थांबले, तो एकदाच. ३४ लॅप त्याच टायरवर काढून अर्ध्या सेकंदाने लुईस हॅमिल्टनच्या पुढे जिंकला. गाडी काट्यावर ७९८ किलो भरली, बरोबर त्या वर्षीची किमान मर्यादा. मग नियमाप्रमाणे टाकीतलं उरलेलं पेट्रोल काढलं, २.८ लिटर. पुन्हा मोजली: ७९६.५. दीड किलो कमी, आणि रसेल बाद.

हे दीड किलो कुठे गेले असतील? तेच टायर इतके लॅप चालवल्यावर रबर झिजतं, आणि चार टायरचं मिळून ते किलोंमध्ये भरतं. इतर सर्किटवर झेंड्यानंतर पूर्ण एक लॅप सावकाश फिरायला मिळते आणि चालक मुद्दाम रस्त्याच्या कडेला पडलेले रबराचे तुकडे टायरला चिकटवून आणतात, तेवढंच वजन. स्पाला लॅप लांब, म्हणून झेंड्यानंतर गाड्या पहिल्या वळणापासूनच परत आत घेतात. रबर गोळा करायला लॅपच नाही. जिंकवणारी रणनीती आणि हरवणारी रणनीती एकच होती.

पुढच्याच वर्षी, मार्च २०२५ मध्ये शांघायला, शार्ल लक्लेर ८०० ऐवजी ७९९ किलो भरला. तोही एकच थांबा घेऊन आला होता. म्हणून वहीत शेवटची एक ओळ मोकळी सोडा. कुणी एकाच थांब्यात शर्यत काढली असेल तर त्याचं नाव तिथे लिहा, आणि अधिकृत निकाल येईपर्यंत त्यापुढे क्रमांक घालू नका.